पाकहेंगचा दुसरा कॅमेरा

मलेशियातल्या आमच्या इपोह शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आपल्या हातची कवळी आहे, असं चान पाकहेंग म्हणायचा. त्यात बढाई होती, पण थोडीच. जुन्या शहरातल्या बहुतेक दातांच्या डॉक्टरांची कामं त्याच्याकडेच यायची. डॉक्टर आपल्या दवाखान्यात माप घ्यायचे आणि माझ्या दुकानापासून थोडं पुढे, एका जिन्याखालच्या खोलीत, हा माणूस दिव्याखाली भिंग धरून एकेक दात बसवत असायचा. हिरड्यांच्या गुलाबी पावडरीचा आणि ती कालवायच्या औषधाचा वास त्याच्या अंगाला कायमचा चिकटलेला. तो दुकानात शिरला की मला मान वर करावी लागायची नाही.

माझं दुकान कॅमेऱ्यांचं. वडील फिल्म धुवायचे, मी कॅमेरे विकले, आता दुरुस्त्या आणि पासपोर्टचे फोटो यांवर चाललंय. गिऱ्हाइकं मला 'बॉस' म्हणतात. पाकहेंग मात्र 'वेलू' म्हणायचा, कारण आम्ही एका शाळेत होतो आणि मास्तरांनी मला बाकावर उभं केलेलं त्यानं पाहिलं होतं.

पंचेचाळिशी उलटल्यावर त्याला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, त्या औषधाच्या वाफेनं छाती बिघडतेय, आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या हवेत जात जा. तो सरळ माझ्याकडे आला.

"वेलू, मोकळ्या हवेत जाऊन लोक करतात काय?"

थट्टा नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. आता हे एका कॅमेरेवाल्याला विचारल्यावर तो काय सांगणार? मी त्याला कॅमेरा विकला आणि आमच्या रविवारच्या टोळीत ओढला.

आमची टोळी म्हणजे रिकामटेकडे लोक. भल्या सकाळी गाड्या काढायच्या, कुठल्या तरी टेकडीवर धुकं टिपायचं, नाहीतर धनेश पक्ष्यांच्या झाडाखाली मान मोडेपर्यंत उभं राहायचं, आणि मग कॉफीच्या दुकानात बसून एकमेकांच्या लेन्सची किंमत काढायची. पाकहेंग आमच्याबरोबर यायचा, पण डोंगरावरून खाली दिसणारं धुक्याचं तळं सोडून हा पायाशी बघायचा. उभा जन्म वीतभर अंतरावर बघण्यात गेलेला. लांबचं त्याला दिसायचं, पण त्यात त्याचं मन लागत नसे. महिन्याभरात त्यानं माझ्याकडून जवळचे फोटो काढायची लेन्स घेतली. मग लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये घालायच्या नळ्या घेतल्या. फ्लॅशचा उजेड मऊ पडावा म्हणून त्यानं कवळीच्याच प्लॅस्टिकची एक टोपी घरी बनवली. ती इतकी छान झाली की टोळीतल्या दोघांनी तशीच मागून घेतली.

शहराबाहेर, पपनसाच्या बागांच्या मागे, चुनखडीचा एक डोंगर आहे. आम्ही त्याला कासव म्हणतो. आहे म्हणायचं की होता, ते पुढे सांगतो. कासवाच्या पलीकडच्या अंगाला खाण होती, तिकडून दुपारी भोंगा व्हायचा आणि मग सुरुंगाचा दणका यायचा. अलीकडच्या अंगाला मात्र बाग संपली की उभा ओला कडा, त्यावर शेवाळ, नेचे आणि कायम झिरपणारं पाणी. एका रविवारी धनेश काही आले नाहीत, म्हणून आम्ही सावलीत पपनस सोलत बसलो होतो. पाकहेंग कड्याला नाक लावून उभा होता. बराच वेळ हलला नाही.

"अरे, दगडाचा मुका घेतोयस का?" कोणीतरी ओरडलं.

त्यानं मागे न बघता हातानंच गप्प बसा म्हणून खूण केली.

संध्याकाळी दुकानाच्या मोठ्या पडद्यावर त्यानं मला तो फोटो दाखवला. तिळाएवढी गोगलगाय. तिळाएवढी म्हणजे खरंच तिळाएवढी. शंखाचा रंग आम्ही खाल्लेल्या पपनसाच्या गरासारखा, त्यावर केसाहून बारीक कंगोरे, सगळे एका अंतरावर. आणि गंमत म्हणजे शंखाचं तोंड जागच्या जागी न उघडता बाहेर निघून वर वळलेलं, वाजवायला उचललेल्या सनईसारखं. मला आमच्या देवळातलं नादस्वरम आठवलं. त्याला त्यांच्या चिनी लोकांत मयतापुढे वाजवतात ते वाद्य आठवलं. दोघांनी मिळून तिचं नाव सनई ठेवलं.

"हे कंगोरे कोणी बसवले असतील रे?" तो म्हणाला. "मला तासभर दिला तरी एवढे सारखे जमणार नाहीत."

त्या दिवसापासून त्याचं ठरलं. आम्ही कुठेही गेलो तरी हा कासवाच्या कड्याशी. वर्षानुवर्षं. सनई कधी पाण्याच्या थेंबाशेजारी, कधी शेवाळावर चरताना, कधी पिल्लू, कधी दोघी पाठीला पाठ लावून. टोळीनं त्याला सतावण्यात कसर ठेवली नाही. "पाकहेंग, आज तुझी बाई पळून तर नाही ना गेली?" "पळाली असती तर अजून बागेच्या फाटकापर्यंतसुद्धा पोचली नसती," तो शांतपणे म्हणायचा. हात मात्र त्यानं तिला कधी लावला नाही. आमच्यात तो नियमच होता. फोटो चांगला यावा म्हणून घरट्याची फांदी वाकवणाऱ्या एकाला आम्ही टोळीतून काढलं होतं. पाकहेंगनं तो नियम तिळाएवढ्या गोगलगाईलाही लावला.

त्याची बायको साउलिन बाजारात सुकी मासळी विकायची. तोंडानं फटकळ, पण त्याच्या डब्यात रविवारी दोन माणसांचं जेवण भरून द्यायची, मी उपाशी राहीन म्हणून. मूलबाळ नव्हतं. साउलिनचा धाकटा भाऊ कोकमेंग त्यांच्याच घरी वाढला आणि मोठा झाल्यावर खाणीच्या लॉरीवर लागला. पाकहेंगला तो 'जेफू' म्हणायचा, म्हणजे भावजी. कासवाच्या पाठीचे दगड तोच भरून न्यायचा, आणि त्याबद्दल घरात कधी भांडण झालं नव्हतं. पाठ तिकडे होती, कडा इकडे.

एका वर्षी, पावसाळा सरता सरता, पाकहेंगचा कॅमेरा आजारी पडला. बटण दाबलं की आतला आरसा वर जायचा आणि तिथेच अडकून बसायचा. मी उघडला, साफ केला, तेल दिलं. दोन रविवार चालला, पुन्हा अडकला. जुनं मॉडेल, सुटे भाग मिळेनासे झालेले, आणि इतकी वर्षं त्या ओल्या कड्याशी राहून आत गंज धरलेला.

"किती दिवस जगेल?" त्यानं विचारलं.

"आज जगेल, उद्या नाही. म्हाताऱ्याचं कसं सांगू? दुसरा एक हाताशी ठेव."

त्याच आठवड्यात त्यानं मला घरी जेवायला बोलावलं होतं. साउलिननं कोंबडी उकडली होती, बरोबर मोडांची भाजी. कोकमेंग उशिरा आला, भुवयांवर पांढरी धूळ तशीच. भात वाढून घेता घेता म्हणाला, "जेफू, पपनसाच्या बागेकडे खुंट्या मारल्यात."

"कसल्या?"

"आखणीच्या. लाल फिती बांधल्यात. बागवाल्यानं जमीन सोडली. चिनी नवीन वर्षाची सुट्टी झाली की तुझ्या बाजूनं फोडायला घेणार."

पाकहेंगच्या जेवायच्या काड्या वाटीतच थांबल्या.

"जेवताना दगडांचं बोलू नकोस," साउलिन म्हणाली.

"मी काय फोडतो का? मी नुसता वाहतो."

"तू वाहतोस म्हणूनच फोडतात," पाकहेंग म्हणाला.

कोकमेंगला ते लागलं. "आणि हे घर कशाचं आहे, जेफू? सिमेंट काय आभाळातून पडलं? तुझ्या कवळ्यांचे साचे कशाचे? तीही पांढरी पावडर जमिनीतूनच निघते ना?"

पाकहेंगनं कोंबडीच्या मांडीचा तुकडा उचलून कोकमेंगच्या वाटीत टाकला आणि आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायच्या आधीच दारात उभा. "वेलू, दुसरा कॅमेरा बघू या. नवीन वर्षापर्यंत मला ती सगळी टिपायची आहे. वरपासून खालपर्यंत, कड्याचा इंच न इंच. मध्येच आरसा अडकला तर मी काय करू?"

आणि तिथून कॅमेरा निवडायचा घोळ सुरू झाला. मी दुकानदार, मी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं जन्मभर पाहिली, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. त्याला मी आधी एक छोटा, खिशात मावणारा दाखवला. पाण्यात पडला तरी न बिघडणारा, आणि अगदी चिकटून फोटो काढणारा. तो त्यानं घरी नेऊन कवळीवर वापरून पाहिला. परत आणला. "दात चांगले येतात. पण वस्तूच्या इतकं जवळ जावं लागतं की याचीच सावली पडते. आणि सनई अंग चोरून घेईल." मग एक नवीन, आरसा नसलेला दाखवला. आरसाच नाही तर अडकणार काय? तो हातात घेऊन पाकहेंग गालात हसला, पण त्याच्या जुन्या नळ्या त्या कॅमेऱ्याला बसेनात. जोडणारी चकती मागवली, तर फ्लॅश जुळेना.

"सरळ तुझंच मॉडेल जुनं बघू," मी म्हटलं. "लेन्स तीच, नळ्या त्याच, बॅटरी तीच. बोटांना नवीन काही शिकायला नको."

"मग दोघांना एकच रोग झाला तर?"

"दोघं एकाच दिवशी कशाला मरतील?"

"नवराबायको मरतात की कधी कधी."

टोळीला खबर लागली. लग्नाच्या मुलाला प्रत्येक मावशी आपल्या ओळखीतली मुलगी सुचवते, तसा प्रत्येकानं आपापल्या कंपनीचा कॅमेरा सुचवला. कॉफीच्या दुकानात दोन रविवार त्यावर घनघोर चर्चा झाली. पाकहेंग सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा, आणि सोमवारी माझ्याकडे नवीन शंका घेऊन यायचा. एक दिवस साउलिनच आली, मासळीच्या वासासकट.

"बॉस, केवढी गोगलगाय आहे ती? दोन दोन कॅमेरे लागतात म्हणजे हत्तीएवढी असेल!"

"तिळाएवढी आहे, साउलिन."

"मग घेऊन टाक म्हणावं काहीतरी. रात्रभर कूस बदलत असतो. मला विचारतो, आरसा असावा की नसावा? मी म्हटलं, तुझ्या तोंडाकडे बघता नसलेलाच बरा."

शेवटी त्याचंच मॉडेल घ्यायचं ठरलं. पिनांगच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे तसा कॅमेरा होता, कमी वापरलेला. तो यायला आणखी वेळ गेला. आणि एक गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आली नाही. या सगळ्या दिवसांत पाकहेंग कासवाकडे एकदाही गेला नव्हता. भरवशाचा कॅमेरा हातात आला की एकदमच जायचं, असं त्यानं धरलं होतं. एरवी न चुकता जाणारा माणूस.

कॅमेरा घ्यायला तो आला त्याच दुपारी डॉक्टर रोहायु माझ्या दुकानात बसली होती. क्वालालंपूरच्या विद्यापीठात गोगलगाई शिकवणारी, तिशीतली मुलगी, डोक्याला हिरवा रुमाल. टोळीतल्या कोणीतरी सनईचा एक फोटो इंटरनेटवर टाकला होता, तो पाहून ती शोधत आली होती. मी दोघांची ओळख करून दिली आणि पडद्यावर फोटो लावले.

ती एकामागून एक बघत गेली. मग म्हणाली, "अंकल, ही माझ्या माहितीतली कुठलीच नाही. या कंगोऱ्यांची, अशा वळणाची कुठेच नोंदलेली नाही. कदाचित ही फक्त त्या एकाच डोंगरावर असेल. असं होतं या डोंगरांवर."

पाकहेंगचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. कान लाल झाले होते.

"मग हिला नाव द्याल?"

"द्यायचंच आहे. नाव मिळालं तर निदान कोणाला तरी अर्ज करता येईल, की इथे असं काही आहे, जरा थांबा. शंख किती आहेत तुमच्याकडे?"

"शंख?"

"नुसते रिकामेसुद्धा चालतील. मेलेल्या गोगलगाईंचे, मातीत पडलेले."

"एकही नाही," तो म्हणाला. "मी कधी हात लावला नाही."

ती खूप सांभाळून बोलली. तुमचे फोटो फारच चांगले आहेत, अंकल. पण नुसत्या फोटोवर कोणी मान्य करणार नाही. वस्तू हातात हवी. तिनं पिशवीतून झाकणाच्या काचेच्या नळ्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या. आत जायची रीतसर परवानगी मी मागते, पण त्याला वेळ लागेल, तोवर तुम्ही गेलात तर कड्याच्या पायथ्याची माती तरी आणा.

पाकहेंगनं नळ्या खिशात घातल्या. नवा-जुना कॅमेरा डब्यातच राहिला. तो उघडायचंही त्याला सुचलं नाही.

त्या रविवारी आम्ही दोघंच गेलो. बागेचं फाटक होतं तिथे पत्र्याचं कुंपण आणि एक पहारेकरी. नेपाळी माणूस, बिचारा चांगला होता, पण म्हणाला, आत सोडलं तर माझी नोकरी जाईल. कुंपणाच्या वरून नुसतं आभाळ दिसत होतं. पूर्वी तिथून पपनसाचे शेंडे दिसायचे.

डॉक्टर रोहायुच्या अर्जाला उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा अर्ज केला. पाकहेंग तिला रोज फोन करायचा, मग तीच म्हणाली, अंकल, काही कळलं तर मी स्वतः करीन. अखेर कोकमेंगनंच मार्ग काढला. त्यानं काही कबूल केलं नाही, माफी मागितली नाही, नुसता एके संध्याकाळी जिन्याखालच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"जेफू, नवीन वर्षाला खाण बंद असते. पहारेकऱ्याला मी सांगितलंय. दुपारच्या आत बाहेर या. आणि डोक्यावर टोपी घाला, वरून खडे येतात."

नवीन वर्षाच्या दिवशी, शहरात फटाके वाजत असताना, आम्ही तिघं आत शिरलो. कोकमेंग पुढे, हातात टॉर्च. बाग नव्हती. झाडं मुळांसकट ढकलून एका बाजूला ढीग केलेला, त्यावर काही पपनसं अजून लटकलेली, सुकून चेंडूंसारखी झालेली. कडा मात्र उभा होता. तो दिसला तसा पाकहेंग झपाट्यानं चालू लागला.

जवळ गेल्यावर कळलं. सावली गेली होती. उन्हात कडा कोरडाठाक पडला होता, आणि नव्या रस्त्याची धूळ त्यावर पिठासारखी बसली होती. शेवाळ करपून त्याचे पापुद्रे झाले होते. बोट लावलं की भुगा. झिरपणारं पाणी कुठे गेलं कोणास ठाऊक. सुरुंगासाठी पाडलेली भोकं ओळीनं होती, सारख्या अंतरावर.

पाकहेंगनं जुना कॅमेरा काढला, चालू केला, पहिल्याच फोटोला आरसा अडकला. त्यानं तो शांतपणे पिशवीत ठेवला आणि दुसरा काढला. तो उत्तम चालला. खटखट वाजत होता, तक्रार नाही. पण टिपायला काही नव्हतं. त्यानं वरपासून खालपर्यंत, इंच न इंच पाहिलं, ठरवलं होतं तसंच. भेगांमध्ये टॉर्च टाकून पाहिलं. मग कॅमेरा गळ्यात तसाच लोंबकळत ठेवून, गुडघ्यांवर बसून, दात कोरायच्या बारीक हत्यारानं माती उकरायला लागला. मी एका बाजूला, कोकमेंग दुसऱ्या. कोकमेंगच्या जाड बोटांना ते जमत नव्हतं. तो दर थोड्या वेळानं एक खडा उचलून विचारायचा, "जेफू, ही का?" आणि पाकहेंग बघून म्हणायचा, "नाही."

माती पिशव्यांत भरून आणली. नळ्या रिकाम्याच राहिल्या.

गाडीत बसल्यावर पाकहेंगनं रिकाम्या नळ्या खिशातून काढून मांडीवर ठेवल्या. मग म्हणाला, "ते महिने मी कॅमेरा निवडत होतो. मला तेव्हा कॅमेरा लागतच नव्हता, वेलू. एक बोट लागत होतं, ओलं करून शंखाला टेकवायला."

मी गाडी सुरू केली.

डॉक्टर रोहायुनं ती माती पाण्यात सोडून, चाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिनं खरोखर कष्ट घेतले. फोनवर तिनं सांगितलं की कंगोऱ्यांचे तुकडे मिळालेत, दोन-तीन, रंग उडालेले. पण ते त्याच गोगलगाईचे आहेत हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तोंडाचा भाग हवा होता. ती सनईसारखी वळलेली कड. ती नव्हती. "अंकल, मी प्रयत्न सोडणार नाही," ती म्हणाली. पाकहेंगच तिला समजावत होता, "तू जेवलीस का? जेव आधी."

सुट्टी संपली आणि त्या आठवड्यात कडा पडला. दुपारी मी दुकानात एकाचा पासपोर्टचा फोटो काढत होतो. इतक्या लांबून आवाज येणं शक्य नव्हतं, आला नाही. कोकमेंगनं संध्याकाळी सांगितलं तेव्हाच कळलं.

पुढचं वर्षभर पाकहेंगनं आसपासचा एकही डोंगर सोडला नाही. देवळांच्या गुहा, ओढ्यांचे काठ, दुसऱ्या खाणींच्या मागच्या बाजू. टोळीतले लोकही त्याच्याबरोबर जायचे, आता कोणी थट्टा करत नव्हतं, आणि मला वाटतं तेच त्याला जास्त लागत होतं. दुसऱ्या कॅमेऱ्यानं त्यानं कितीतरी गोगलगाई टिपल्या. चपट्या, लांबट, शिंगाच्या आकाराच्या, काही फार सुंदर. शंखही आणायचा आता, नळ्यांत भरून, वर जागेचं नाव लिहून. डॉक्टर रोहायुला त्यांतल्या बऱ्याच उपयोगी पडल्या. सनई मात्र एकाही डोंगरावर नव्हती. प्रत्येक डोंगराची आपापली होती.

वर्ष सरत आलं तेव्हा एकदा त्यांच्या घरी जेवताना कोकमेंग म्हणाला की त्या बाजूचं काम थांबवलंय. दगड बरोबर निघाला नाही. आत मातीचे पट्टे लागले, सिमेंटला चालत नाही. मशीनं हलवली, खड्ड्यात पाणी साठलंय.

साउलिननं हातातला डाव भांड्यात आपटला. "म्हणजे काय? उगाचच फोडला?"

"उगाचच नाही गं, ताई. फोडल्यावरच कळतं ना आत काय आहे ते."

मी पाकहेंगकडे बघत होतो. मला वाटलं, हा आता ओरडेल, निदान उठून जाईल. तो जेवत राहिला. माशाचा काटा काढून बशीच्या कडेला ठेवला आणि कोकमेंगला विचारलं, मग तुझी लॉरी आता कुठल्या डोंगरावर? कोकमेंगनं नाव सांगितलं. तो डोंगर पाकहेंगच्या चांगलाच पायाखालचा होता. तिथली शिंगाच्या आकाराची गोगलगाय त्यानंच नळीत भरून पाठवली होती.

त्यानंतर तो रविवारी यायचा बंद झाला. कॅमेरे दोन्ही घरी पडले. एकदा डॉक्टर रोहायुनं छापलेला एक लेख पाठवला. त्यात या भागातल्या गोगलगाई दिल्या होत्या, आणि खाली त्याचे आभार. सनईचा एक फोटोही होता. त्याखाली लिहिलं होतं की ओळख पटलेली नाही, नमुना उपलब्ध नाही. इंग्रजी होतं, म्हणून तो माझ्याकडे वाचून घ्यायला आला. मी वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. लेख त्यानं नेला नाही, माझ्या काउंटरवरच राहिला.

खोकला परत आलाय. वाढलाय. गेल्या महिन्यात साउलिन दुकानात आली, या खेपेला तिच्या तोंडून एकही टोमणा नाही. म्हणाली, बॉस, दिवसभर त्या खोलीत बसलेला असतो, पंखासुद्धा लावत नाही, पावडर उडते म्हणतो. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. त्याला बाहेर काढा.

मी गेलो. दिव्याखाली कोणाची तरी खालच्या जबड्याची कवळी होती, तो तिचे दात बसवत होता. भिंगातून त्याचा डोळा फार मोठा दिसत होता.

"रविवारी येतोस?" मी विचारलं.

"कुठे?"

"कुठेही. नुसतं जाऊ. कॅमेरे नको हवं तर."

"बघू," तो म्हणाला.

आला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, तेव्हाही बघू म्हणाला. आता मी विचारत नाही.